ऑफर आली, मग फोन कोण करणार?

काकू, नमस्कार.

आम्ही २०१३ मध्ये लंडनजवळच्या स्लावला तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं) घर घेतलं. २०१९ मध्ये मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलं. आता यांचं ऑफिस रेडिंगला हललंय आणि मुलं मोठी झालीत, म्हणून हे घर विकून तिकडे थोडं मोठं घर घ्यायचा विचार आहे. तीन ठिकाणी चौकशी केली. एक ऑनलाइन कंपनी ११९९ पौंड घेते. पैसे आधी भरायचे आणि घर विकलं नाही गेलं तरी ते परत मिळत नाहीत. आत्ता भरायचे नसतील तर दहा महिन्यांनी द्या म्हणतात, पण मग सॉलिसिटर (खरेदी-विक्रीची कागदपत्रं करणारा वकील) त्यांचाच घ्यावा लागतो. हाय स्ट्रीटवरच्या एका एजंटाने ५ लाख १० हजार पौंड किंमत सांगितली. कमिशन एक टक्का अधिक व्हॅट, करार २० आठवड्यांचा, आणि त्यावर ‘सोल सेलिंग राइट्स’ असं लिहिलंय. तिथल्याच एका जुन्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, ४ लाख ८० हजार. त्यांचं कमिशन १.४ टक्के अधिक व्हॅट, १२ आठवडे, ‘सोल एजन्सी’.

हे म्हणतात, गिऱ्हाईक सगळं राइटमूव्हसारख्या वेबसाइटवरूनच येतं, मग सात हजार पौंड काय दुकानाच्या काचेचे द्यायचे? मला मात्र धाकधूक वाटते. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यामुळे पुढचे दोन महिने हे बरेचसे पुण्यातच असतील. माझी हीथ्रोची नोकरी शिफ्टची. त्यात मंडळातलं ओळखीचं एक जोडपं म्हणतंय, आम्हालाही घर दाखवा. काय करू?

ता. क. पाच लाखवाला एजंट म्हणाला, फोटो काढायच्या आधी हॉलमधलं देवघर हलवा. हलवू का?

— स्लावची एक वाचक

*

काकू म्हणून हाक मारलीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

तुझ्या यजमानांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. गिऱ्हाईक खरंच पोर्टलवरूनच येतं. राइटमूव्ह, झूपला, ऑनदमार्केट. घर शोधणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर फोन हातात घेऊन या तिन्हींवर हिंडत असतो. राइटमूव्हवर तुला-मला थेट घर टाकता येत नाही, एजंटामार्फतच जावं लागतं. पण तो एजंट ऑनलाइन असो की पेठेतला, शोधणाऱ्यासमोर पान एकाच साच्याचं उघडतं. म्हणजे निव्वळ जाहिरातीचं बोलायचं तर आठ हजारांत जे मिळतं ते ११९९ पौंडांतही मिळतं. दुकानाच्या भाड्याला हातभार म्हणून कुणालाही पैसे देऊ नकोस.

पण इंग्लंडमध्ये घर विकताना जाहिरात हा सगळ्यात सोपा भाग असतो. खरं काम गिऱ्हाईक मिळाल्यावर सुरू होतं, आणि आपल्या लोकांना नेमकं तेच उशिरा कळतं, कारण आपल्या डोक्यात पुण्या-मुंबईचा व्यवहार बसलेला असतो. तिकडे विसार दिला-घेतला, पावती झाली की दोन्ही बाजू बऱ्यापैकी बांधल्या जातात. इथे तू ऑफर स्वीकारलीस, दारात ‘सोल्ड, सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ची पाटी लागली, शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं, तरी कायद्याने कुणीही कुणाला बांधील नसतं. दोन्ही सॉलिसिटरांमध्ये करारांची अदलाबदल होते, एक्सचेंज म्हणतात ते, त्या दिवशी सहसा दहा टक्के अनामत भरली जाते आणि मग व्यवहार पक्का होतो. तोवर गिऱ्हाईक कारण न सांगता निघून जाऊ शकतं, किंवा सर्व्हेचा, म्हणजे घराच्या तपासणीचा, अहवाल हातात घेऊन ‘आता वीस हजार कमी करा’ म्हणू शकतं. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. तिथे कुणी बहीण-भाऊ असतील तर त्यांचा सल्ला इथे लावू नकोस.) हा मधला काळ काही आठवड्यांत संपत नाही, महिने जातात.

त्यात तू एकटी नसतेस, साखळीत असतेस. तुझं घर घेणारा त्याचं घर विकत असेल, त्याचं घर घेणाऱ्याचं कर्ज मंजूर व्हायचं असेल, वरच्या बाजूला रेडिंगच्या मालकांना आणखी कुठेतरी जायचं असेल. यातली एक कडी तुटली की सगळे जागच्या जागी थांबतात. आणि कडी तुटण्याआधी बहुतेक वेळा एक कुरकुर ऐकू येते. कुणाचा सर्व्हे लांबलाय, कुणाचा सॉलिसिटर रजेवर गेलाय, कुणाला दुसरं घर आवडायला लागलंय. ती कुरकुर ज्याला वेळेवर ऐकू येते, तो दोन फोन करून ती मिटवतो. हे फोन करणारं माणूस कोण, हाच तुझ्या निवडीतला मुख्य प्रश्न आहे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. २०१६ मध्ये हॅरोचं आमचं घर विकायला आम्ही एका ऑनलाइन कंपनीला आगाऊ पैसे भरले. सुरुवात छान झाली. फोटो सुंदर, तिसऱ्या आठवड्यात मनासारखी ऑफर. मग शांतता. फोन केला की दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. ‘तुमच्या फाइलवर अपडेट नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की अजून कानात आहे. शेवटी आमच्या सॉलिसिटरकडून कळलं, की साखळीत दोन घरं खाली असलेल्या मुलीचं कर्ज नामंजूर झालंय, आणि तेही बारा दिवसांपूर्वी. त्या बारा दिवसांत कुणी आम्हाला एक फोन केला असता तर आमच्या गिऱ्हाइकाला दुसरा खरेदीदार शोधायला वेळ मिळाला असता. तोवर आम्ही ज्या घरावर जीव टाकला होता ते दुसऱ्याकडे गेलं होतं. मी त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू.

नंतर तेच घर जवळच्या एका छोट्या दुकानामार्फत विकलं. तिथे एक मुलगी फक्त हेच काम करायची. सेल्स प्रोग्रेशन म्हणतात त्याला. दर मंगळवारी ती साखळीतल्या प्रत्येक एजंटाला आणि सॉलिसिटरला फोन लावायची आणि संध्याकाळी आम्हाला चार ओळींची ईमेल यायची: कुणाचं काय अडलंय, कुणाकडून काय यायचंय. आम्ही दिलेल्या कमिशनमधले निम्मे पैसे तरी त्या मंगळवारांचे होते, असं मला आजही वाटतं.

आता तुमचा हिशेब मांडू. जुन्या दुकानाचं १.४ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजारांवर ६७२० पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट १३४४, एकूण ८०६४. ऑनलाइनपेक्षा ६८६५ जास्त. यजमानांचा सात हजारांचा आकडा चुकीचा नाही. पण तो फरक घराच्या किमतीच्या दीड टक्क्यालाही पोचत नाही, आणि साखळी तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली तर सॉलिसिटर, सर्व्हे, नव्या घराच्या कर्जाच्या दराची संपलेली मुदत यांतच त्यातला बराचसा जातो.

तरीही एक गोष्ट तुला स्पष्ट सांगते, कारण कुठलाच एजंट ती सांगणार नाही. टक्केवारी घेतो म्हणून एजंट तुझ्यासाठी शेवटच्या पौंडापर्यंत भांडेल असं समजू नकोस. गिऱ्हाइकाला पाच हजारांनी वर चढवलं तर १.४ टक्क्याने त्याच्या पदरात ७० पौंड जास्त पडतात. त्या ७० साठी तो सहा हजार सातशेचा व्यवहार धोक्यात घालणार नाही. त्याला तुझं घर विकलं जायला हवं असतं, थोडं कमी किमतीत गेलं तरी त्याचं फार बिघडत नाही. किंमत तुलाच धरून ठेवावी लागणार. पण घर विकलं जावं, साखळी टिकावी, चाव्या हाती पडाव्यात, हे तुझ्याइतकंच त्यालाही हवं असतं, कारण त्याशिवाय त्याला एक पैसा मिळत नाही. आगाऊ पैसे घेणाऱ्याचे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेले असतात. माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही, तिथेही जीव तोडून काम करणारे आहेत. पण एकाच वेळी शंभर फाइली समोर असल्या की माणूस आधी ती उचलतो, जिच्यात त्याचे पैसे अडकलेले आहेत.

आगाऊ पैशांचा आणखी एक धोका म्हणजे कंपनीच बुडण्याचा. ईमूव्ह ही नावाजलेली ऑनलाइन कंपनी २०१८ च्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या पर्पलब्रिक्सने २०१४ पासून हा सगळा बाजार हलवून सोडला, ती २०२३ मध्ये स्ट्राइक या दुसऱ्या कंपनीने अवघ्या एका पौंडाला घेतली. व्यवहार पुरा झाल्यावर पैसे घेणारा बुडाला तर तू दुसरा शोधशील. आधीच पैसे घेऊन बसलेला बुडाला तर तुझे पैसेही त्याच्याबरोबर बुडतात.

आणि ‘दहा महिन्यांनी द्या’ ही सवलत दिसते तशी नसते. तो कागद शेवटपर्यंत वाच. असा करार बहुधा तिसऱ्याच एखाद्या कंपनीशी केलेला कर्जकरार असतो. घर विकलं नाही गेलं तरी दहा महिन्यांनी पैसे द्यावेच लागतात. वर सॉलिसिटर त्यांच्या यादीतलाच घ्यायचा, तो कदाचित दोनशे मैलांवरच्या ऑफिसात बसलेला, आणि नको म्हटलंस तर दंड. सॉलिसिटर निवडायचं स्वातंत्र्य सोडू नकोस. साखळी पुढे ढकलण्यात एजंटाइतकाच त्याचाही हात असतो.

मग ऑनलाइन कधीच नको का? असं मुळीच नाही. मिल्टन कीन्सच्या माझ्या एका मैत्रिणीने गेल्या खेपेला तसंच घर विकलं आणि माझ्यापेक्षा कितीतरी शांतपणे विकलं. पण तिचं घर नव्या वसाहतीतलं होतं. रस्त्यावर तशीच चाळीस घरं, त्यामुळे किंमत काय हा वादच नव्हता. गिऱ्हाईक पहिलं घर घेणारं, खाली साखळी नाही. ती स्वतः घरून काम करते, त्यामुळे घर दाखवायला दिवसभर मोकळी. आणि ती बँकेत वसुली विभागात होती, फोनवर पाठपुरावा करणं तिच्या हातचा मळ. तुझ्याकडे शिफ्टची नोकरी आहे, नवरा साडेचार-साडेपाच तास पुढच्या घड्याळात, वर रेडिंगचं घर घ्यायचंय म्हणजे साखळी आलीच. तो पाठपुरावा तू पहाटे चारला हीथ्रोला निघताना करणार का? म्हणून तुझ्या बाबतीत मी ऑनलाइन नको म्हणते. पुढे कधी परिस्थिती बदलली तर हाच सल्ला उलटाही होईल.

आता त्या ५ लाख १० हजारवाल्याबद्दल. तो आकडा ऐकून तुम्हा दोघांना बरं वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. पण एकाचा आकडा दुसऱ्यापेक्षा तीस हजारांनी वर असेल आणि वर करार २० आठवड्यांचा असेल, तर त्या दोन गोष्टी एकत्र वाच. किंमत फुगवून सही घ्यायची, माणसाला पाच महिने बांधून ठेवायचं आणि दीड महिन्याने म्हणायचं, ‘मार्केट थंड आहे, थोडं खाली आणू या.’ दरम्यान नुकसान होऊन गेलेलं असतं. घर नवीन असताना पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त डोळे त्यावर पडतात, आणि त्याच वेळी ते महाग दिसलं तर लोक पुढे सरकतात. शिवाय पोर्टलवर शोधताना लोक किमतीची वरची मर्यादा ठरवून ठेवतात. ज्याने पाच लाखांवर बोट ठेवलंय त्याला तुझं ५ लाख १० हजारांचं घर दिसणारच नाही, आणि खरा खरेदीदार कदाचित तोच असेल. नंतर किंमत उतरवलीस की पानावर ‘रिड्यूस्ड’ दिसतं आणि येणारा प्रत्येक जण आणखी किती उतरेल याचाच अंदाज घेत येतो.

कुणाचा आकडा खरा हे तुला घरबसल्या ताडता येईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्यक्षात किती किमतीला घरं विकली गेली याची १९९५ पासूनची नोंद लँड रजिस्ट्रीकडे आहे, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. तुमच्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन रस्त्यांवरची गेल्या वर्षभरातली तीन बेडरूमची सेमी घरं काढ. मागितलेली किंमत बघू नकोस, नोंदलेली किंमत बघ. मग त्या पाच लाखवाल्याला फोन करून विचार, ‘या रस्त्यावर ५ लाख १० हजारांना तुम्ही स्वतः कुठलं घर विकलंत?’ उत्तर काय येतं ते ऐक.

त्याच्या करारात आणखी एक काटा आहे आणि तो मंडळातल्या जोडप्याशी जोडलेला आहे. ‘सोल सेलिंग राइट्स’ आणि ‘सोल एजन्सी’ हे शब्द जुळ्या भावंडांसारखे वाटतात, पण कायद्याने त्यांचा अर्थ वेगळा आहे. सोल एजन्सीत तू स्वतः ओळखीतून गिऱ्हाईक आणलंस आणि त्यात एजंटाचा हात नसेल, तर कमिशन लागत नाही. सोल सेलिंग राइट्समध्ये कराराच्या मुदतीत घर कुणीही घेतलं, अगदी तुझ्या सख्ख्या बहिणीने घेतलं, तरी कमिशन द्यावं लागतं. म्हणजे मंडळातल्या त्या जोडप्याने घर घेतलं तरी त्या माणसाला सहा हजार पौंड. तशा करारावर सही करू नकोस. कुठल्याही करारात ‘रेडी, विलिंग अँड एबल पर्चेसर’ हे शब्द दिसले तर तेही खोडायला सांग. त्यांचा अर्थ असा, की तयार गिऱ्हाईक आणून दिलं की एजंटाचे पैसे झाले, मग व्यवहार पुरा होवो न होवो.

त्या जोडप्याला मात्र आधी विचार. एजंट नेमायच्या आधीच. त्यांना एका शनिवारी चहाला बोलाव, घर दाखव, आणि नीट सांग की दोन आठवड्यांत तुमचं काय ते कळवा, नाहीतर आम्ही बाजारात टाकतो. ओळखीच्या माणसाशी व्यवहार करताना आपण भिडेला बळी पडतो. आपण कमी मागतो, तेही संकोचाने घासाघीस करत नाहीत, आणि नंतर वर्षभर गणपतीत समोरासमोर आलं की दोघांच्याही मनात काहीतरी सलत राहतं. म्हणून किंमत तुम्ही ठरवू नका, त्यांनीही नको. अर्धा-अर्धा खर्च करून रिक्स या व्यावसायिक संस्थेच्या सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्या आणि तो आकडा दोघांनी मानायचा असं आधीच ठरवा. सॉलिसिटर मात्र दोघांचे वेगळे हवेत, मैत्री कितीही घट्ट असली तरी. आणि आधी विचार, त्यांचं स्वतःचं घर विकायचं आहे का, कर्जाची प्राथमिक मंजुरी हातात आहे का. हे विचारण्यात गैर काही नाही. तिऱ्हाईत गिऱ्हाइकाला एजंट हेच विचारतो.

ते जमलं तर कमिशनचे सगळे पैसे वाचले. नाही जमलं, किंवा त्यांना आणखी वेळ हवा असला, तर एजंटाशी करार करताना त्यांची नावं ‘यांनी घेतल्यास कमिशन लागू नाही’ अशी लेखी घालून घे. सही झाल्यावर सांगून उपयोग नाही.

मग जुन्या दुकानातल्या बाईंकडे जा. माझं मन त्यांच्याकडे आहे, पण त्यांचं १.४ टक्के मी मान्य करणार नाही. इथे कमिशन घासता येतं आणि घासायचं असतं, त्यात त्यांचा अपमान होत नाही. पलीकडचा एक टक्का सांगतोय हे सरळ सांग. १.१ किंवा १.२ वर यायला हरकत नसावी. १.२ झालं तरी व्हॅटसकट ६९१२ होतात, म्हणजे अकराशेहून जास्त वाचले. मला त्याहून आवडणारी रीत म्हणजे दोन टप्पे करायचे: ४ लाख ७५ हजारांपर्यंत कमी टक्का, आणि त्याच्यावर जे मिळेल त्यातला घसघशीत हिस्सा, पाच टक्के म्हण. मघाशी सांगितले ते ७० पौंड मग अडीचशे होतात आणि त्यांनाही पुढची ऑफर मागावीशी वाटते. सगळे एजंट तयार होत नाहीत, पण विचार.

टक्क्यापेक्षाही जास्त जोर मुदतीवर दे. १२ आठवड्यांऐवजी आठ, आणि नंतर दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता यायला हवं. ‘ऑफर स्वीकारल्यानंतर आमची फाइल कोण बघणार?’ हा प्रश्न विचार आणि त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून ये. दुकानदार म्हणाला ‘आमची हेड ऑफिसची टीम बघते’, तर मग तोही ऑनलाइनच झाला, फक्त सहा-सात पट महाग. हे मी मुद्दाम सांगते, कारण पेठेत दुकान आहे म्हणजे आतली माणसं मायेने काम करतात असं काही नसतं. हल्ली स्वतंत्रपणे, घरून काम करणारे एजंटही बरेच आहेत. त्यांचं दुकान नसतं, पण ते टक्केवारी घेतात, व्यवहार पुरा झाल्यावरच घेतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच माणूस फोन उचलतो. स्लावमध्ये तसा कुणी चांगला असल्याचं ओळखीतून कळलं तर त्यालाही बोलव.

बाईंना स्लाव किती माहीत आहे हेही बघ. तुमच्या घरापासून एलिझाबेथ लाइनचं स्टेशन किती मिनिटांवर आहे, स्लावच्या ग्रामर शाळांसाठी (प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) लांबून येणारी कुटुंबं घरात काय शोधतात, हे त्यांनी न विचारता सांगायला हवं. व्हिडिओ कॉलवर मूल्यांकन करणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

करारावर घरी बसून किंवा ऑनलाइन सही केलीस तर १४ दिवसांत तो रद्द करता येतो. फक्त ‘लगेच काम सुरू करा’ असं लिहून दिलं असशील तर झालेल्या कामाचे पैसे मागितले जाऊ शकतात. आलेली प्रत्येक ऑफर एजंटाने लगेच आणि लेखी कळवायची असते, हा कायदा आहे. आणि इथे एजंट व्हायला ना परवाना लागतो ना परीक्षा, हे ऐकून तुला धक्का बसेल. आपल्याकडे नव्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटालासुद्धा महारेराकडे नोंदणी करावी लागते. इथे मुख्य बंधन हे आहे, की प्रत्येकाने तक्रार निवारण योजनेचं सदस्य असलं पाहिजे, एकतर द प्रॉपर्टी ऑम्बुड्समन, नाहीतर प्रॉपर्टी रिड्रेस. सही करण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर नाव तपास.

एजंट कुणीही असो, एक काम तू आजच सुरू कर. सॉलिसिटर आत्ताच नेम, गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबू नकोस. घराच्या माहितीचा तो लांबलचक टीए६ फॉर्म आत्ता भरून ठेव. २०१९ च्या वाढीव स्वयंपाकघराचं बिल्डिंग कंट्रोलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र सापडतंय का बघ. बांधणाऱ्याने दिलं नसेल तर कौन्सिलमध्ये विचार. खिडक्या बदलल्या असतील तर त्यांचं फेन्सा प्रमाणपत्र, बॉयलरचे कागद. आणि ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जाक्षमतेचं प्रमाणपत्र, दहा वर्षंच चालतं. तुमचं घर घेतानाचं असेल तर ते २०२३ च्या आसपासच संपलंय, त्यामुळे जाहिरातीआधी नवं मागवावं लागेल. एका कागदापायी तीन आठवडे अडलेल्या साखळ्या मी पाहिल्या आहेत. यजमान पुण्यात असले तरी हे काम त्यांना तिथून करता येईल. सासूबाईंच्या उशाशी बसून ईमेल लिहायला वेळच वेळ मिळतो. घर त्यांच्याही नावावर असेल तर सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती कशा करायच्या हे जाण्याआधीच सॉलिसिटरला विचारून ठेवा.

घर दाखवायचं काम पूर्ण एजंटावर सोपव. तू घरात नसलीस तर येणारे मोकळेपणाने बोलतात, कपाटं उघडून बघतात, आणि त्यांच्या खऱ्या शंका बाईंना कळतात. शनिवारचा सकाळचा वेळ राखून ठेव आणि सगळ्यांना त्याच दोन तासांत बोलवायला सांग. दर संध्याकाळी शिफ्टवरून येऊन घर आवरत बसू नकोस.

रेडिंगचं घर बघायला जाशील तेव्हा तिथला एजंट म्हणेल, आमच्या मॉर्गेज सल्लागाराशी बोलल्याशिवाय तुमची ऑफर पुढे जाणार नाही. तसं अडवणं नियमात बसत नाही. ऑफर लेखी पाठव, मालकांपर्यंत ती जायलाच हवी.

राहिलं देवघर. मी हलवणार नाही. फोटोपुरता मूर्तींपुढचा पसारा आवर, काडेपेट्या, तेलाची बाटली, सुकलेली फुलं उचल, समईची काजळी पूस. स्लावमध्ये घर बघायला येणाऱ्यांत आपल्याकडची माणसं कितीतरी असतात. त्यातल्या एखाद्या सासूबाई हॉलमध्ये पाऊल टाकताच ‘देवाला जागा आहे हो’ म्हणतील. माझं हॅरोचं घर ज्या गुजराती कुटुंबाने घेतलं, त्यांच्या आजींनी अगदी हेच म्हटलं होतं. आणि बाईंनाही विचारून बघ. त्या काय सांगतात, यावरून त्यांना स्लाव किती कळलंय तेही कळेल.

मंडळातल्या मंडळींना चहाला कधी बोलावतेस? त्यांचं उत्तर येईपर्यंत कुठल्याच कागदावर सही करू नकोस, आणि काय झालं ते मला कळव.

— काकू